मूळ संच आणि वारसा-साधने : निवडीच्या निकषांची चिकित्सा

१

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम प्रथम बसविली जाते तेव्हा तिच्याबरोबर काही साधने आपोआप येतात व काही येत नाहीत. जी येतात त्यांचा समुदाय म्हणजे त्या सिस्टिमचा मूळ संच होय. मजकूर संपादित करणारे कार्यक्रम, नेटवर्कची स्थिती दाखविणाऱ्या आज्ञा, फॉन्ट, कळफलक, जुन्या स्वरूपातील फाइली उघडणारी साधने अशा नाना वस्तूंचा त्यात समावेश असतो. बाकीची साधने अप्राप्य असतात असे नव्हे. ती मागाहून मागविता येतात. परंतु ‘आहे’ आणि ‘मागविता येते’ या दोन अवस्थांमध्ये जे अंतर आहे, तेच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या संचात काय ठेवावे आणि काय वगळावे हा प्रश्न केवळ तांत्रिक समजला जातो. वस्तुतः तो मूल्यनिर्णयाचा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कोणता जुना ग्रंथ ठेवावा हे ठरविताना ज्या अडचणी येतात, त्याच येथेही येतात. ग्रंथ अभ्यासक्रमातून काढला म्हणून तो ग्रंथालयातून नाहीसा होत नाही. तथापि एका पिढीनंतर तो वाचणारा विद्यार्थी दुर्मिळ होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. जे सर्वांपुढे आपोआप येते तेच सर्वसामान्य ठरते आणि जे मागून घ्यावे लागते ते विशेषज्ञांचे होऊन बसते.

वारसा-साधन ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजिली आहे. ज्याचे काम दुसरे नवे साधन करू लागले आहे, परंतु ज्याच्यावर विसंबून राहिलेली माणसे, लेख आणि सवयी अद्याप शिल्लक आहेत, ते वारसा-साधन. अशा साधनांविषयी दोन टोकाची मते आढळतात. जुने आहे म्हणून काढून टाकावे, हे एक. आजवर होते म्हणून राहू द्यावे, हे दुसरे. ही दोन्ही मते साधनाचे वय पाहतात, त्याचे स्थान पाहत नाहीत. मराठीच्या संगणकीय इतिहासाकडे पाहिल्यास एक तिसरीच गोष्ट दिसून येते : आज ज्याला वारशाचे ओझे म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग पूर्वी कोणत्या तरी मूळ संचातून काहीतरी वगळले गेल्यामुळेच निर्माण झालेला आहे. हा मुद्दा स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

मूळ संचाची कल्पना प्रथम टंचाईतून जन्मास आली. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडविले, तेव्हा सगळी सिस्टिम एका लहानशा डिस्कवर मावत असे. ती डिस्क भरली, तेव्हा काही साधने दुसऱ्या डिस्कवर हलवावी लागली. कोणती हलवावी याचा निर्णय परिस्थितीनेच करून टाकला : दुसरी डिस्क जोडण्यासाठी जे लागते ते पहिल्या डिस्कवर राहिलेच पाहिजे. पुढे डिस्का मोठ्या झाल्या, टंचाई संपली. परंतु त्या विभागणीचा सांगाडा कित्येक दशके टिकून राहिला. फेडोरा या लिनक्स-वितरणाने २०१२ साली आपल्या १७ व्या आवृत्तीत हे दोन विभाग एकत्र केले आणि इतर वितरणांनीही पुढे तोच मार्ग धरला.

असेच दुसरे उदाहरण बिझीबॉक्सचे आहे. डेबियन या वितरणाची स्थापना करण्यासाठी व बिघडलेली सिस्टिम दुरुस्त करण्यासाठी एकाच फ्लॉपीवर मावेल असा संच हवा, या गरजेतून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास तो तयार केला. त्यात अनेक आज्ञांची लहान लहान रूपे एकाच कार्यक्रमात बसविलेली होती. फ्लॉपीवर जागा थोडी असल्यामुळे प्रत्येक आज्ञेला आपले स्थान सिद्ध करावे लागे.

या दोन्ही उदाहरणांत एक निकष अंतर्भूत आहे. ज्याच्यावाचून उरलेले मिळविता येत नाही, ते मुळात असले पाहिजे. विहिरीचे पाणी काढण्याचा दोर विहिरीच्या तळाशी ठेवून चालत नाही. हा निकष टंचाईत जन्मला खरा, पण त्याची सत्यता टंचाईवर अवलंबून नाही. जागा विपुल झाली म्हणून तो बाद होत नाही. उलट जागा विपुल असताना निवडीचे दुसरे कोणते कारण उरते, हा प्रश्न मात्र अधिक अवघड होतो.

३

टंचाई संपल्यानंतर जे निकष पुढे आले त्यांत डेबियनच्या धोरणग्रंथातील निकष सर्वांत लक्षणीय आहे. तेथे पॅकेजांची प्रतवारी केलेली आहे : काही आवश्यक, काही महत्त्वाची, काही प्रमाण, उरलेली ऐच्छिक. यांतील ‘महत्त्वाचे’ कशाला म्हणावे याविषयी त्या ग्रंथात जे सांगितले आहे त्याचा आशय असा : युनिक्सचा अनुभवी जाणकार यंत्रासमोर बसला आणि एखादी आज्ञा तेथे नाही हे पाहून तो चकित झाला, तर ती आज्ञा महत्त्वाची समजावी.

या निकषाचा गुण उघड आहे. तो वापराची मोजदाद करीत नाही, अपेक्षेचा आदर करतो. एखादी आज्ञा वर्षातून एकदाच लागत असेल. पण ती तेथे असणारच अशी खात्री असल्यामुळेच अनुभवी माणूस निर्धास्त असतो. कोश रोज कोणी वाचीत नाही; तरीही कोश नसलेले ग्रंथालय अपुरेच वाटते. वापराच्या आकड्यावर भिस्त ठेवणारे धोरण ही गोष्ट कधीच ओळखू शकत नाही.

परंतु या निकषाचा दोषही त्याच्या गुणातच दडलेला आहे. येथे प्रमाण मानले आहे ते अनुभवी माणसाचे आश्चर्य. अनुभव एका पिढीचा असतो आणि आश्चर्य पिढीबरोबर बदलते. केन थॉम्पसन यांनी १९६९ साली लिहिलेला ‘एड’ हा एकेक ओळ संपादित करणारा कार्यक्रम पॉसिक्स या मानकात आजही अनिवार्य आहे. तथापि कित्येक लिनक्स-वितरणांच्या मूळ संचात तो आता नसतो, आणि तो नाही म्हणून चकित होणारे लोकही फारसे उरलेले नाहीत. ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा १९८३ च्या बर्कली युनिक्समधील. लिनक्सवर ती ज्या पॅकेजातून मिळते त्याची निगा दीर्घकाळ नीट राखली गेली नाही, नव्या सोयी तिच्यातून दिसत नाहीत, ही कारणे रास्त होती. डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ते पॅकेज देणे बंद केले आणि ‘आयपी’ ही नवी आज्ञा पुढे केली. निर्णय योग्यच होता. मात्र पाठ्यपुस्तकांत व प्रात्यक्षिकांच्या वह्यांत जुनी आज्ञा तशीच राहिली. विद्यार्थी पुस्तकाप्रमाणे आज्ञा लिहितो आणि यंत्र ‘अशी आज्ञा नाही’ असे उत्तर देते. त्याचे आश्चर्य धोरणग्रंथात जमेस धरलेले नाही. कारण तो अनुभवी नाही.

म्हणजे कोणाचे आश्चर्य ग्राह्य धरावयाचे, हा प्रश्न उरतोच. ज्याला साधन कोठून मागवावे हे ठाऊक आहे, त्याचे आश्चर्य क्षणभराचे असते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याचे काम तेथेच थांबते. वरील निकष पहिल्याचा कौल घेतो आणि दुसऱ्याला मोजीतच नाही.

४

सुरक्षिततेचा निकष यापेक्षा निराळा आहे आणि त्याविषयी सहसा वाद होत नाही. ‘टेलनेट’ हे साधन संदेश व परवलीचे शब्द उघड्या स्वरूपात पाठविते. १९९५ मध्ये तातू इल्योनेन यांनी सुरक्षित असे ‘एसएसएच’ निर्माण केल्यानंतर टेलनेटचे मुख्य प्रयोजन संपले. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या व्हिस्टापासून ते ऐच्छिक केले. ॲपलने २०१७ च्या हाय सिएरा या आवृत्तीतून ते काढून टाकले. तथापि टेलनेटचा एक गौण उपयोग होता : दूरच्या यंत्राचे अमुक एक पोर्ट उघडे आहे की नाही, हे पाहण्यासाठी अनेकजण त्याचा वापर करीत. हा उपयोग त्याच्या निर्मात्यांच्या मनात नव्हता. ॲपलच्या मूळ संचात ‘नेटकॅट’ हे दुसरे साधन असल्याने ती सोय सर्वस्वी बंद पडली नाही.

साधन धोक्याचे आहे काय, आणि ते काढल्यावर त्याच्यावरून जाणारी वाहतूक कोठून जाईल, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे दुसरा सुटत नाही. डोंबिवलीच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणारा कोपरचा रेल्वेवरील पूल धोकादायक ठरून सप्टेंबर २०१९ मध्ये वाहनांना बंद झाला आणि पुनर्बांधणीनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. पूल बंद करणे भाग होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या दोन वर्षांत वाहनांचा भार ठाकुर्लीच्या पुलावर पडला, आणि कोपरच्या पुलाचे खरे महत्त्व तो बंद असतानाच सर्वांच्या ध्यानात आले. पुलावरून किती वाहने जातात हे मोजता येते. त्याच्या भरवशावर कोणी घर घेतले, कोणी शाळा निवडली, हे मोजले जात नाही. मूळ संचातील साधनांचेही असेच आहे. त्यांचा वापर नोंदविता येतो. त्यांच्यावरील विसंबणे नोंदविता येत नाही.

५

आता मराठीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. येथे मूळ संचाचा प्रश्न आज्ञांचा नसून लिपीचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक मूलगामी आहे. ज्या यंत्राच्या मूळ संचात देवनागरी नाही, त्या यंत्रावर मराठी वाचक निरक्षर ठरतो.

१९९० च्या दशकात वैयक्तिक संगणकाच्या प्रचलित सिस्टिमांत देवनागरीची सोय नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सांकेतिक मानक १९८८ साली सिद्ध झाले होते आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झाले होते. इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांना समान असा कळफलकही १९८६ पासून अस्तित्वात होता. परंतु मानक असणे वेगळे आणि ते प्रत्येक यंत्रात आपोआप येणे वेगळे. ही पोकळी पुण्यातील संस्थांनी भरून काढली. सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ यांनी महाराष्ट्रातील छपाई, वृत्तपत्रे व कचेऱ्या यांचा मराठी व्यवहार चालविला. त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. मात्र त्यांच्या काळातील फॉन्टांची रीत अशी होती की रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. डोळ्याला मराठी दिसे. यंत्राच्या दृष्टीने तो रोमन चिन्हांचा अर्थहीन समूह असे. शिवाय प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी.

विंडोज २००० मध्ये युनिकोडवर आधारलेली देवनागरी प्रथमच आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्टही आला. कवी, सुलेखनकार व मुद्राक्षरकार र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत तो घडविला होता. येथे प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाही, याचे एक कारण मूळ संचाच्या रचनेत सापडते. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय होती, पण ती मूळ स्थापनेत चालू नसे. नियंत्रण-फलकावरील भाषांच्या विभागात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि त्यानंतर यंत्र स्थापनेची सीडी मागत असे. कचेरीतील लेखनिकाजवळ किंवा अक्षरजुळणीच्या दुकानात ती सीडी असेलच असे नाही. ही सोय पूर्वखुणेवाचून सर्वांना मिळू लागली ती २००७ च्या व्हिस्टापासून. परंतु एक्सपीचा अधिकृत आधार २०१४ पर्यंत चालू होता आणि तोवर ती असंख्य यंत्रांवर टिकून होती.

त्या वर्षांत जुन्या रीतीचे फॉन्ट टिकून राहिले याचे खापर लोकांच्या आळसावर फोडले जाते. सवय, छपाईच्या कार्यक्रमांची अडचण, टंकलेखन-यंत्राच्या कळफलकावर बसलेला हात ही कारणेही होतीच. परंतु एका चौकटीतील खुणेचाही त्यात वाटा होता, हे नाकारता येणार नाही. जी वस्तू मुळात नाही तिची जागा रिकामी राहत नाही. तेथे तोडगा येतो, तोडग्याची सवय होते, सवयीतून दस्तऐवज साठतात, आणि मग त्या दस्तऐवजांसाठी तोडगाच वारसा म्हणून सांभाळावा लागतो. कळफलकाच्या बाबतीतही हेच घडले. विंडोजच्या मूळ संचात मराठीसाठी दीर्घकाळ इनस्क्रिप्टचीच मांडणी होती. उच्चारानुसारी कळफलक २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेबरोबर आला. तोवर रोमन अक्षरांतून मराठी लिहू इच्छिणारा वर्ग इतरांनी पुरविलेल्या साधनांकडे कधीच वळलेला होता.

६

या पार्श्वभूमीवर ‘मंगल’चे पुढे काय झाले ते पाहणे उद्बोधक ठरेल. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘निर्मला यूआय’ हा अनेक भारतीय लिप्यांना सामावून घेणारा फॉन्ट आला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह इत्यादी देवनागरी फॉन्ट मूळ संचातून काढून एका ऐच्छिक पुरवणीत ठेवण्यात आले. वापरकर्त्याने मराठी, हिंदी, कोंकणी अशी देवनागरीतील भाषा आपल्या भाषांच्या यादीत घातली, की ही पुरवणी आपोआप मागविली जाते. देवनागरी वाचण्यासाठी निर्मला यूआय सर्वत्र आहेच.

या योजनेत तर्कदोष काढणे सोपे नाही. थोड्या साठवणीच्या यंत्रांवर जगातील सर्व लिप्यांचे सगळे फॉन्ट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. लिपी काढलेली नाही, तिचे एक रूप हलविले आहे. पुन्हा, ज्याला हवे त्याला ते विनामूल्य मिळते. इफकॉन्फिगच्या बाबतीत विद्यार्थ्याला जो अडथळा होतो तसा येथे होत नाही, मजकूर दिसतो.

परंतु योजनेच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते महाराष्ट्रातील वस्तुस्थितीशी जुळत नाही. देवनागरी वाचणारा मनुष्य यंत्रापुढे आपली भाषा घोषित करतो, असे ते गृहीतक. येथील बहुभाषिक व्यवहारात यंत्र इंग्रजीत चालते आणि कागद मराठीत येतो. ज्या यंत्रावर कोणी मराठीची नोंद केलेली नाही, त्यावरही मराठी अर्ज, ठराव, प्रश्नपत्रिका उघडल्या जातात. मंगलमध्ये जुळविलेला लेख अशा यंत्रावर दुसऱ्या फॉन्टात दिसतो. अक्षरांची रुंदी व ओळींमधील अंतर बदलते, पृष्ठे सरकतात, तक्त्यांतील मजकूर चौकटीबाहेर जातो. ज्या प्रबंधाच्या अनुक्रमणिकेत पृष्ठांक हाताने घातलेले आहेत, तो प्रबंध या एका बदलाने चुकीचा होतो. वाचन थांबत नाही. दस्तऐवजाची एकरूपता मात्र भंगते. आणि ती भंगल्याचे कोणाला कळतही नाही, कारण यंत्र कोणतीही सूचना न देता फॉन्ट बदलून टाकते.

साधन नसल्याचे सांगणारी सिस्टिम आणि साधन नसताना असल्याचा आभास निर्माण करणारी सिस्टिम यांत पहिली अधिक प्रामाणिक होय. इफकॉन्फिग मागणाऱ्या विद्यार्थ्याला निदान ‘नाही’ असे उत्तर तरी मिळते.

७

जुन्या रीतीच्या फॉन्टांचे काय करावे, हा याहून कठीण प्रश्न आहे. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की कोपर येथील एखाद्या दुकानात १९९८ साली जुळविलेली संस्थेची स्मरणिका आज कोणी नव्या यंत्रावर उघडली. तो फॉन्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसेल. मग असे सारे फॉन्ट मूळ संचात ठेवावेत काय? ठेवू नयेत. ते ठेवल्याने स्मरणिका डोळ्यांना दिसेल; पण तिच्यात एखादे नाव शोधता येणार नाही, तिचा मजकूर दुसरीकडे नेता येणार नाही, आणि त्याच फॉन्टांत नवे लेख लिहिण्यास प्रोत्साहन मात्र मिळेल. तेथे हवे आहे ते जुन्या मांडणीतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन. वारसा-साधन आणि वारशाचे वाचन करून देणारे साधन यांत भेद केला पाहिजे. स्थान दुसऱ्याला द्यावयाचे असते.

हा प्रश्न संशोधकाच्या दारापर्यंत आलेला आहे. अशा फॉन्टांत लिहिलेले मराठी प्रबंध पीडीएफ रूपात शोधगंगेसारख्या भांडारांत ठेवले, तर फाइलीत फॉन्ट अंतर्भूत असल्याने ते पडद्यावर निर्दोष दिसतात. परंतु त्यांतील शब्द शोधू गेल्यास काहीही सापडत नाही, आणि उतारा नकलून घेतल्यास हाती रोमन अक्षरांचा चुरा येतो. अशा प्रबंधाचे चित्र जतन झाले, मजकूर झाला नाही.

युनिकोडने या बाबतीत दुसरेच टोक स्वीकारले आहे. तेथे एकदा दिलेले सांकेतिक स्थान कधीही काढून घेतले जात नाही. मोडी लिपीला २०१४ मध्ये त्यात स्थान मिळाले, आणि ते आता कायमचे आहे. पण न काढण्याच्या धोरणालाही आपले मोल द्यावे लागते. मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहीत. दोन्ही रूपे दिसण्यात सारखी, परंतु युनिकोडच्या दृष्टीने ती समान नाहीत. एका रूपात शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील शब्द निसटू शकतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र लिहिण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. येथेही मूळ कारण तेच : जे आरंभी दिले गेले नाही, त्याच्यासाठी लोकांनी तोडगा काढला, आणि तोडगा व मूळ वस्तू आता शेजारी शेजारी नांदत आहेत.

मोडीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शालेय शिक्षणातून गेली. नित्य व्यवहारासाठी बालबोध पुरेशी होती, या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय ठरतो. परंतु २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दप्तरांतील मोडी वाचू शकणाऱ्यांची वाण जाणवली. दप्तरे होती, लिपीला युनिकोडमध्ये स्थानही होते. वाचक थोडे होते. एखादी विद्या सर्वांच्या मूळ संचातून काढताना ती थोड्यांच्या हाती तरी सुरक्षित राहील अशी व्यवस्था केली नाही, तर पुढे तिची किंमत नागरिकांच्या हक्कांत मोजावी लागते.

८

वरील विवेचनावरून निवडीचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. साधन नसल्यास उरलेली साधने मिळविणे किंवा बिघडलेले यंत्र सुधारणे अशक्य होते काय? आजवर लिहिलेले जे आहे ते साधनावाचून वाचता येईनासे होते काय? आणि साधन नाही हे ज्याला कळणार नाही, अथवा कळूनही ते मागविता येणार नाही, अशा माणसावर त्याचा भार पडतो काय? या तिहींपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर साधनाचे वय व त्याच्या वापराचा आकडा गौण समजावा. तिहींचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते कितीही परिचयाचे असले तरी पुरवणीत जावे.

या कसोटीवर टेलनेट जाते आणि त्याचे जाणे योग्यच ठरते. इफकॉन्फिगही जाते, मात्र ती आज्ञा लिहिणाऱ्याला नव्या आज्ञेचे नाव सांगणारी एक ओळ मागे राहावयास हवी. पडद्याची ऐट न मागता चालणारा एखादा साधा संपादक राहतो. याची प्रचीती अलीकडेच आली. ६४-बिटी विंडोजमध्ये डॉसच्या काळचा ‘एडिट’ चालत नव्हता. आज्ञा-पडद्यावर चालणारा संपादक मूळ संचात नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये त्याच नावाचा नवा संपादक पुढे आणला. याच्या उलट, १९९५ पासून असलेला ‘वर्डपॅड’ २०२४ च्या विंडोज ११ मधून वगळण्यात आला आणि आरटीएफ स्वरूपातील लेख मांडणीसह उघडण्याचे काम मूळ संचाबाहेर गेले. दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर हा निर्णय सदोष दिसतो. मंगलच्या बाबतीत तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो : फॉन्ट पुरवणीत ठेवावयाचा असेल, तर निदान देवनागरी लेख उघडताच तो मागविला जावा, भाषेची घोषणा होण्याची वाट पाहू नये.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ठेवलेल्या प्रत्येक साधनाची निगा कोणी तरी राखावी लागते; निगा न राखलेले साधन हल्लेखोराला वाट करून देते; आणि निगा राखणारे हात मोजके असतात. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, व तसा प्रयत्नही करू नये. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून काढावे’ इतकाच नाही. साधन काढल्याने काम नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे सरकते. मूळ संचाच्या रचनाकारांनी वाचविलेले श्रम एक्सपीच्या काळात छपाईवाल्यांनी, लेखनिकांनी व प्रबंधलेखकांनी केले, आणि त्या श्रमांचे अवशेष आजचे ग्रंथपाल निस्तरीत आहेत. जमाखर्च मांडावयाचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

मराठी विभागांना ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ संच ठरविता येत नाही. परंतु आपल्या प्रबंधांचा ठरविता येतो. प्रबंध कोणत्या फॉन्टात लिहिला, तो युनिकोडमध्ये आहे काय, त्यातील एखादा शब्द शोधल्यास सापडतो काय, एवढ्या तीन गोष्टी स्वीकृतीच्या वेळी तपासल्या, तर पुढील संशोधकाला आजचे लेखन वारशाचे ओझे म्हणून उचलावे लागणार नाही; ते त्याला वाचता येईल.